आधी घावन, मग फ्रिज

त्या कॅरवानमध्ये आवाज न करणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे फ्रिज. बाकी सगळं बोलायचं. दार उघडलं की बिजागरी ओरडायची, वारा सुटला की पत्र्यावर वाळू तांदूळ पाखडल्यासारखी वाजायची, पाण्याचा हातपंप दोन घोट हवा गिळून मग पाणी द्यायचा, आणि शेवंती, म्हणजे माझी बायको, भांडी आपटल्याशिवाय स्वयंपाक करत नसे. फ्रिज मात्र गप्प. त्याला मोटर नव्हती. गाडीच्या बाहेरच्या अंगाला एक जाळीचं झाकण होतं, ते काढून वाकलं की आत बोटाच्या पेराएवढी निळी ज्योत दिसायची. सिलिंडरच्या गॅसवर ती ज्योत जळायची आणि तिच्या जिवावर आत बर्फ व्हायचा. आग लावून बर्फ करतात, असं मी गावी पत्रातून कळवलं तेव्हा थोरल्या भावाने उलट लिहिलं की तुला ऊन लागलेलं दिसतंय, डोक्यावर ओला पंचा ठेव.

माझं शिक्षण सातवी नापास. मला जे काही येतं ते गवंड्याच्या हाताखाली शिकलो, संगमेश्वरच्या बाजूला. आमच्याकडचा गवंडी भिंतीच्या आधी पाण्याचा विचार करतो. अंगणाला उतार, पडवीला उतार, मोरीला उतार, गच्चीला उतार. पाणी थांबलं म्हणजे गवंडी वाईट, एवढं सोपं शास्त्र. हाताखालचा गडी असलो तरी उतार काढण्यात मी वस्ताद होतो. मिस्त्री स्वतः म्हणायचा, महादेवला विचारा, पाणी कुठून जाईल ते. तो गर्व घेऊनच मी आखातात आलो आणि त्या गर्वानेच एकदा माझं घर बुडवायला आणलं होतं. ती गोष्ट सांगायची आहे.

मी आलो तो अबुधाबीतल्या एका अरबी घराची कुंपणाची भिंत बांधायला. भिंत झाली, बाकीचे दुसऱ्या साइटवर गेले, मला अरबाबने ठेवून घेतलं. आम्ही मालकाला अरबाबच म्हणत असू. नळ दुरुस्त कर, बकऱ्यांना पाणी दाखव, गाडी धू, अशी वरकामं. महादेवचा तिथे महदी झाला. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत शेवंतीबरोबर मी चाळीस दिवस राहिलो होतो. हा हिशेब तिचा, माझा नाही. तिने पत्रात लिहून पाठवला होता, आणि खाली दुसरं काहीच नव्हतं, ना खुशाली ना नमस्कार.

अरबाबची आई होती, तिला सगळं घर मामा ऊदा म्हणायचं, म्हणजे मोठी आई. म्हातारी वाळूत जन्मलेली. उन्हाळाभर ती अबुधाबीच्या घरात एसीखाली तोंड पाडून बसायची आणि थंडी पडली की म्हणायची, मला माझ्या जागेवर न्या. अल ऐनच्या रस्त्यावरून आत, तासभर वाळूतून गेल्यावर तिची जागा होती. तिथे तंबू लागायचा, आठ-दहा बकऱ्या आणि दोन उंट असायचे, आणि स्वयंपाकाला आणि सोबतीच्या माणसांना राहायला ही कॅरवान. त्या साली आधीची सोबतीची बाई सोडून गेली होती. मी धीर करून अरबाबला म्हटलं, माझी बायको आणा. त्याने विचार केला आणि थंडीपुरती आणतो म्हणाला. कँप नीट चालला तर घरात कायमची ठेवीन, नाही चालला तर परत. एवढंच ठरलं होतं.

शेवंती आली ती एका पत्र्याच्या ट्रंकेत आमसुलं, कुळथाचं पीठ, सुकट आणि घावनांसाठी दळलेलं तांदळाचं पीठ घेऊन. लोखंडी तवाही आणला होता. विमानात तवा आणणारी बाई त्या दिवशी ती एकटीच असावी. मामा ऊदाने पहिल्याच दिवशी तो तवा उचलून बघितला, उलटा करून बोटाने वाजवला आणि पसंत केला. ती स्वतः निखाऱ्यांवरच्या तव्यावर कागदासारखी पातळ रोटी करायची, पिठाचा गोळा तव्यावर नुसता फिरवून. शेवंतीने घावन घातलं की म्हातारी शेजारी बसून बघायची. दोघींना एकमेकींच्या भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. तरी तासन्‌तास बोलायच्या. म्हातारी तिला बिन्ती म्हणायची, म्हणजे माझी मुलगी. सकाळी वेलचीचा कहावा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, खजूर, आणि वर आमचं घावन खजुराच्या पाकात बुडवून. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी जेवलो, पण तसा नाश्ता पुन्हा झाला नाही. आता मुलाच्या घरी मला सकाळी दुधात भिजवलेला भुसा देतात. हृदयाला चांगला म्हणे.

म्हातारीला साखरेचा आजार होता. इन्सुलिनच्या बाटल्या त्या गप्प फ्रिजमध्ये असायच्या. अरबाबची अट हीच होती: डॉक्टरने सांगितलंय बाटल्या थंड राहिल्या पाहिजेत, त्या राहिल्या तर आई वाळूत राहील. जनरेटर म्हातारीला चालत नसे, त्याच्या आवाजाने उंट दूर जातात म्हणायची. म्हणून गॅसचा फ्रिज. आई वाळूत राहिली तर कँप राहणार, कँप राहिला तर शेवंती. असं सगळं त्या पेराएवढ्या ज्योतीवर उभं होतं.

महिनाभर उत्तम गेलं. मग बकऱ्यांना खायला काही उरलं नाही म्हणून कँप दोन टेकड्या पलीकडे हलवला. जीपने कॅरवान ओढून नेली, मी चाकांखाली दगड लावले, नवा सिलिंडर जोडला, फ्रिज पेटवला. त्याच संध्याकाळी जोराचा वारा सुटला आणि सगळीकडे वाळू झाली. दुसऱ्या दिवशी शेवंती म्हणाली, मोरीत पाणी थांबतंय. गाडीत एक हातभर लांब-रुंद न्हाणी होती, तिचं भोक एका कोपऱ्यात. नव्या जागी पाणी दुसऱ्याच कोपऱ्यात साठून राहात होतं आणि ती पाय भिजवत उभी होती.

मला दुसऱ्यांदा सांगायला लागलं नाही. मी जॅक लावला, एका बाजूच्या चाकाखाली फळ्या घातल्या आणि चांगला चार बोटं उतार काढला. एक बादली ओतली. पाणी खळकन निघून गेलं, थेंब उरला नाही. शेवंतीने दोनदा बादली ओतून बघितली आणि हसली. माझ्या आयुष्यात मी मोठमोठी बांधकामं बघितली, पण त्या मोरीएवढा मान मला कशाने मिळाला नाही.

त्या आठवड्यात तिची घावनं बिघडली. एका बाजूला पापड, दुसऱ्या बाजूला गादी. मी तिला टोमणे मारले. म्हटलं, वाळवंटात आल्यावर हात विसरलीस का, की तुझ्या आईने अर्धंच शिकवलं. ती काही बोलली नाही. मला वाटलं, लागलं असेल. लागलंच होतं, पण ती गप्प होती ते दुसऱ्याच कारणाने.

शुक्रवारी अरबाब आला. थंड ताक घ्यायला त्याने फ्रिज उघडला, हात आत घातला आणि तसाच ठेवला. आत बाहेरच्याइतकीच हवा; थंडीचे दिवस, म्हणून आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं. बाटल्या त्याने एकेक करून उजेडात धरून बघितल्या, खिशात घातल्या. म्हातारीने तंबूतूनच ओरडून सांगितलं असावं की मी जाणार नाही, कारण दोघांचं बराच वेळ चाललं. मग तो माझ्याकडे आला. आमच्याशी तो त्याच्या हिंदीत बोलायचा. म्हणाला, "एक हफ्ता मैं मामा का दवाई बर्फ का पेटी में भेजेगा. अगला जुम्मा ये ठंडा नहीं, तो खलास. मामा अबुधाबी, मदाम इंडिया." चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे बोलला.

मी फ्रिजच्या मागे लागलो. पहिला संशय नव्या सिलिंडरवर. तो काढून दुसरा लावला. ज्योत होती तशीच, आत ऊनच. मग वाऱ्यावर संशय. वाळूने भोक बुजलं असणार. गॅस बंद करून बर्नर सोडवला, तर खरंच त्यात कोळ्याने जाळं केलेलं. गॅसच्या वासाला कोळी येतात, हे मी तिथे शिकलो. जाळं काढलं, भोक तोंडाने फुंकून साफ केलं, सुई घालायची नाही एवढी अक्कल होती. ज्योत आधी टोकाला पिवळी होती ती आता निळीशार झाली. मला वाटलं, झालं. चिमणीला हात लावला तर चटका बसला, म्हणजे आग काम करत होती. एक रात्र गेली. आत लोणी ठेवलं होतं, ते सकाळी तसंच मऊ. म्हणजे आग होती, धग होती, आणि थंडी कुठेतरी वाटेत बसली होती.

मग बर्फाची पेटी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरबरोबर अल ऐनहून बशीर नावाचा एक मिस्त्री आला. पेशावरकडचा, पोट सुटलेला, एसीच्या कामात नाव असलेला. त्याने झाकण काढलं, आत बॅटरी मारली, डोकं घालून इकडेतिकडे बघितलं आणि हळूच मला विचारलं, "इसका मोटर किसने चुराया?" मी सांगितलं, याला मोटर नसतेच. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच चोर. मग कहावा प्याला, चार खजूर खाल्ले, शेवंतीच्या वाकड्या घावनाची तारीफ केली आणि जाताना फ्रिजवर थाप मारून म्हणाला, हा मेला, याच्यासाठी दुआ करा.

बशीर गेला आणि मी सगळा राग शेवंतीवर काढला. म्हटलं, तू सारखी दार उघडतेस, सारखं आत काहीतरी कोंबतेस, गावी कधी फ्रिज बघितला नाहीस आणि इथे येऊन खेळणं मिळालं. तुझ्यामुळेच तू परत जाणार. हे शेवटचं वाक्य मी बोललो. ते आजही मला ऐकू येतं. ती पीठ भिजवत होती, तिने हात धुतले, तवा पालथा घातला आणि तंबूत म्हातारीजवळ जाऊन बसली. त्या दिवशी आम्ही खजुरावर राहिलो. माफी मी तेव्हा मागितली नाही आणि नंतरही नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती, असं म्हणतात सगळे. पद्धत नव्हती हे खरं, पण लावता आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीच्या पायरीवर बसलो होतो. शुक्रवार दोन दिवसांवर. मनात तिची ट्रंक भरून झाली होती. आतून तव्यावर पीठ पडल्याचा चुर्र आवाज आला. थोड्या वेळाने तिने ताटली आणून माझ्या मांडीवर ठेवली. तसंच घावन. दाराकडची बाजू जाळीदार, हातात धरली तर फाटेल अशी. पलीकडची बाजू बोटभर जाड, कच्ची.

"हे माझ्या हाताचं न्हाय," ती म्हणाली. "तवा चुलीवर सरळ हाय. चूल ओट्यावर सरळ हाय. मग पीठ पळतं कुठं?"

मी घावन उलटंसुलटं करून बघितलं.

"मी बोलणार नव्हते," ती म्हणाली. "मोरी तुम्ही माझ्यासाठी केलीत. तिला नाव कशी ठेवू? म्हणून तुमचे टोमणे खाल्ले. पण गाडी कललीय. माझं पीठ पळतं, तर त्या फ्रिजात जे काय असंल ते पण पळतच असंल. काढा त्या फळ्या. मला इथं ऱ्हायचंय."

मी उठलो. जाळीचं झाकण काढून पहिल्यांदा नीट बघितलं. इतके दिवस मी ज्योतच बघत होतो. आता ज्योतीच्या वरच्या नळ्या बघितल्या, बोटाने चाचपत गेलो. एकही नळी आडवी नव्हती. प्रत्येकीला जरा जरा उतार होता, बेताचा, कुण्या परक्या देशातल्या चांगल्या गवंड्याने काढल्यासारखा. आतलं जे पाणी असेल ते आगीने वर चढत असणार आणि वर थंड होऊन त्या उतारांवरून आपल्या पायाने खाली येत असणार. ढकलायला मोटर नाही, म्हणजे सगळी भिस्त उतारावर. आणि मी, उताराचा वस्ताद, माझ्या चार बोटांनी त्याचा उतार मोडून ठेवला होता. पुढे पुष्कळ वर्षांनी असे फ्रिज दुरुस्त करणारा एक माणूस भेटला, त्याने हेच सांगितलं, फक्त नळ्यांतल्या रसायनांची नावं घालून.

समतल बघायला गवंडी पाण्याची नळी वापरतो. माझी नळी गावी राहिली होती. शेवंती म्हणाली, नळी कशाला, पीठ आहे. ती आत तव्यापाशी, मी बाहेर जॅकपाशी. मी एक फळी काढायचो, ती एक घावन घालायची आणि खिडकीतून ओरडायची: अजून मागं जाड. आता दाराकडं. आता पुढच्या अंगाला जरासं. म्हातारी काठी टेकत येऊन बाहेर खुर्चीवर बसली. वाया गेलेलं प्रत्येक घावन तिच्या ताटलीत जात होतं आणि ती ते नुसतंच खात होती. तिला काय कळलं होतं देव जाणे, पण दोन-तीन खाल्ल्यावर तीही काठीने दाखवायला लागली, इकडे उचल, तिकडे उचल. सहावं की सातवं घावन शेवंतीने खिडकीतून बाहेर धरलं, दोन्ही हातांवर. चंद्रासारखं गोल, सगळीकडे सारखी जाळी.

फ्रिज मी दुपारपर्यंत बंद ठेवला, आत जे भलतीकडे गेलं असेल ते जागेवर येऊ दे म्हणून. मग पेटवला. मी दर घटकेला उठून बघायला जायचो, म्हणून शेवंती फ्रिजच्या दाराला पाठ लावून लसूण सोलत बसली. म्हणाली, आता सारखं दार कोण उघडतंय ते बघू. एवढाच सूड घेतला तिने. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः दार उघडलं, आतला पाण्याचा डबा काढला आणि माझ्या कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही. घट्ट झाला होता.

शुक्रवारी अरबाब आला. शेवंतीने आमसुलांचं सरबत करून ठेवलं होतं, गूळ आणि जिरं घालून, आणि त्यात बर्फ फोडून टाकला होता. पहिला पेला म्हातारीला, गूळ न घातलेला. ती एक घोट प्याली, आंबट लागून तिचा सगळा चेहरा गोळा झाला, आणि मग तिने पेला पुन्हा पुढे केला. अरबाबने फ्रिज उघडून हात आत घातला, बराच वेळ ठेवला. खिशातून नव्या बाटल्या काढून फळीवर ओळीने लावल्या. जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाला, "मदाम इधर."

मोरीत पाणी पुन्हा थांबायला लागलं. ती त्या थंडीभर रोज फडक्याने मोरी पुसून घ्यायची आणि मला हात लावू द्यायची नाही. थंडी संपल्यावर ती घरात राहिली. म्हातारी गेली तोपर्यंत तिच्याजवळ राहिली, मुलगाही त्याच काळात इथेच जन्मला, आणि नंतर आमचं आम्ही घर केलं. पण त्या सालापासून कँप जिथे हलेल तिथे एक पद्धत पडली. गाडी उभी राहिली की शेवंती आधी तवा चढवायची. घावन गोल आल्याशिवाय मी काडी ओढायची नाही. दुसऱ्या कँपातले लोक हसायचे. हसेनात का. त्यांचे फ्रिज बंद पडायचे, आमचा नाही.

शेवंतीला जाऊन सात महिने झाले. लोक म्हणतात देवाघरी गेली. ती अबुधाबीच्या हॉस्पिटलात गेली, दुपारी, मी शेजारच्या खुर्चीवर होतो आणि तिच्यासाठी मोसंबं सोलत होतो. त्यानंतर मला कशाची चव लागेना. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही बोलत नाही. काय बोलायचं होतं? जिच्याशी बोलायचो ती नाही. दिवसभर त्यांच्या मोठ्या फ्रिजची घरघर ऐकत बसायचो.

यंदा थंडी पडली तशी मुलाने एक कॅरवान भाड्याने घेतली. मला विचारलं नाही, सरळ मला आणि नातीला गाडीत बसवलं. वाळूत पोचलो, त्याने फोनवर काहीतरी बघून फ्रिज सुरू करायला घेतला. मी म्हटलं, थांब. पिशवीतून तिचा तवा काढला. तो मी येताना गुपचूप घेतला होता, आणि पीठही. घावन घालणं माझ्या हातचं नाही, तिने कधी जवळ येऊ दिलं नाही. पहिलं चिकटलं. दुसरं फाटलं. तिसरं आलं ते एका अंगाला जाड. नात म्हणाली, "आजोबा, इट लुक्स लाइक आफ्रिका." मी मुलाला खिडकीतून ओरडून सांगितलं, मागचं चाक उचल, एक फळी घाल. तो जॅक फिरवत होता आणि हसत होता, आणि हसता हसता मध्येच त्याने तोंड फिरवलं, कारण लहानपणी त्याने हे शंभर वेळा बघितलं होतं, फक्त खिडकीत आई असायची.

पाचवं घावन गोल आलं. मी ते दोन्ही हातांवर घेऊन खिडकीतून बाहेर धरलं. हाताला चटका बसत होता, तरी धरून ठेवलं. मग त्याचे तीन तुकडे केले, आम्ही तिघांनी उभ्या उभ्या खाल्ले. मीठ कमी होतं. मला ते कळलं, म्हणजे चव लागली.

नंतर मी खाली वाकलो आणि फ्रिज पेटवला.